पाडेल्याची छाती

नार्व्याच्या नदीकाठी बाबुराव भाटकाराचं भाट आहे. अडीचशे माडांचं. त्या माडांचे नारळ पाडायचं काम सगुण पाडेल्याकडे, आणि त्याच्याआधी त्याच्या बापाकडे होतं. वैशाखाच्या तोंडावरची पाडणी चालली होती. पावसाआधी सगळे माड मोकळे करायचे म्हणून सगुण सकाळपासून अकरा माड चढून उतरला होता, आणि बाराव्याच्या मध्यावर त्याला थांबावं लागलं.

असं मध्येच थांबणं त्याच्या हाडात नव्हतं. पायांत काथ्याचा फास, कंबरेला पाठीमागे कोयता, दोन्ही हातांची मिठी, आणि छाती बुंध्याला घासत वर सरकायचं, ही त्याची चढण. माड चढणाऱ्याला छाती हा तिसरा पाय, असं त्याचा बाप म्हणायचा. पस्तीस वर्षं घासून घासून सगुणच्या छातीवर केस उरले नव्हते. कातडं टाचेसारखं राठ झालं होतं. पण आज डाव्या बोंडाखाली अशी कळ गेली की काखेपासून कोपरापर्यंत हात बधिर झाला. त्यानं गाल बुंध्याला टेकला आणि डोळे मिटून घेतले.

खाली नारळ गोळा करणाऱ्या शेवंतीनं मान वर केली.

“काय झालां ओ?”

“कांय नाय. बाजूक सर.”

त्यानं दोन दम घेतले आणि उजव्या अंगावर भार देत वर गेला. नारळ धडाधड पडले. शेवंतीनं ते उचलून ढिगावर टाकले, पण तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे होतं. खाली आल्यावर त्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुण न्हाणीतून बाहेर आला तर दोरीवर त्याच्या तीन गंज्या शेजारी शेजारी पसरलेल्या. शेवंती दोरीखाली कंबरेवर हात ठेवून उभी.

“पळयात,” ती म्हणाली.

तिन्ही गंज्यांवर डावीकडे, एकाच जागी, पैशाएवढा तपकिरी डाग होता. धुऊनही गेला नव्हता.

“माड खरचटता,” सगुण म्हणाला.

“माड काय रोज एकाच जागी खरचटता?”

तिनं त्याचं काही ऐकलं नाही. त्याच्या छातीवर हात ठेवला आणि बोटांनी चाचपलं. बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्याच्यामागे सुपारीएवढी कडक गाठ होती. शेवंतीनं हात काढला. मग म्हणाली, “तुमच्या आवशीक असांच झाल्लां मगे?”

“तां बायलांचां दुखणां,” सगुण करवादला. “माका कित्या जातलां?”

पण त्या दिवशी तो भाटात गेला नाही. डिचोलीच्या बसमध्ये शेवंती त्याच्या शेजारी बसली होती.

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं गाठ दाबून पाहिली, काखेत बोटं घातली.

“किती दिवस झाले?”

“चार पाडण्यो झाल्यो.”

“म्हणजे?”

“वरसभर,” शेवंतीनं सांगितलं. ते तिलाही तेव्हाच कळलं. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं मान वळवली.

“घरात कुणाला स्तनाचा आजार होता?”

परक्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकून सगुण जमिनीकडे बघू लागला. आईचं शेवटचं वर्ष त्याला आठवलं. मागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, छातीला फडकं बांधलेलं, आणि त्या फडक्याचा वास घरभर. शेजारच्यांना काळपुळी म्हणून सांगितलं होतं. त्यानं हे काही सांगितलं नाही. शेवंतीनं सांगितलं.

“पुरुषांनाही होतो हा आजार,” डॉक्टरीण म्हणाली. “क्वचित, पण होतो. मी चिठ्ठी देते. मोठ्या इस्पितळात उद्याच जा.”

मोठ्या इस्पितळात ज्या दाराशी त्यांना बसवलं, तिथे दोन लांब बाकं होती आणि दोन्हींवर बायका. सगुण येताच जवळच्या दोघींनी पदर ओढून घेतले आणि सरकून बसल्या. त्यांना वाटलं, बायकोबरोबर आलेला आहे, बाहेर जाईल. तो गेला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तासाभरानं एक माणूस कागद घेऊन दारात आला आणि ओरडला, “सगुणाबाई!”

कुणी उठलं नाही.

“सगुणाबाई, नार्वे!”

सगुण पुढे झाला. माणसानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “बायकोला आत पाठव,” तो म्हणाला, “तू थांब इथे.”

“सगुण माजां नाव. बाई नाय.”

बाकावरची एक म्हातारी हसली आणि तिच्या सुनेनं तिला कोपर मारलं. सगुणला वाटलं, इथूनच माघारी वळावं आणि जी बस मिळेल तिच्यात बसावं. शेवंतीनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं.

आतले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी छातीवर गार चिकट काहीतरी लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावरचं काळं-करडं बराच वेळ पाहिलं.

“सुई घालून आतला तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा,” ते म्हणाले. “बायोप्सी. त्याशिवाय मी काही सांगणार नाही. पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी या.”

“तवसर?”

“वाट बघायची.”

“माड चढू?”

डॉक्टरांनी चश्म्यावरून पाहिलं. “गाठ घासू देऊ नका. आणि हे बघा, बहिणी आहेत? मुली? त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. आईला होतं म्हणता ना?”

सगुणला एक थोरली बहीण, विमला, मयेला दिलेली. नवरा वारल्यावर मुलगा-सुनेजवळ राहायची. आणि मुलगी सुमन मांद्र्याला. दोन वर्षांमागे लग्न झालेली.

“सुमनाच्या घरी कळता कामा नये,” बसमध्ये शेवंती म्हणाली. “तिची सासू आयकात तर म्हणात, सुनेच्या कुळीतच रोग आसा. हातां जोडतंय, कोणाक सांगा नका.”

“मी खंय सांगूक जातंय? काय म्हणान सांगू?”

तरी विचारणारे विचारतातच. नार्व्याच्या फेरीधक्क्यावर बाबलीचं चहाचं दुकान आहे. संध्याकाळी सगुण तिथे बसला तेव्हा बाबलीनं पेला पुढे करता करता विचारलं, “दोन दीस भाटात नाय तू. खंय गेल्लंस रे?”

“दोतोराकडे. छातीचां कायतरी आसा म्हणता.”

एवढंच तो बोलला, आणि ते खोटंही नव्हतं. पण दुकानातून निघून पहिल्या वळणापर्यंत जाईस्तोवर त्याचं काळजाचं दुखणं झालं, आणि देवळापर्यंत पोचताना सगुण पाडेल्याला झटका येऊन गेला असं झालं. कानावर आलं तेव्हा सगुणला उलट बरं वाटलं. काळजाचं दुखणं बापयाला, पुरुषाला शोभतं.

शनिवारी तो पुन्हा माडावर चढला. छातीवर जुन्या पोत्याचा तुकडा बांधून घेतला होता. तिसऱ्या माडाच्या शेंड्यावर असताना खाली स्कूटर थांबली.

“सगुण, उतर!” बाबुराव भाटकार ओरडला. “आत्ता उतर!”

सगुण खाली आला. भाटकाराच्या कपाळावर घाम होता. माणूस वाईट नव्हता. सगुणच्या बापाच्या तेराव्याला तांदूळ पाठवलेला.

“काळजाचां दुखणां घेवन माज्या माडार चढतंस? वयर काय जालां तर पोलीस माज्या दारात येतले. तू घरी बस. बरां झाल्यार मागीर पळोवया.”

“भाटकारानू, माका तसां कांय…”

“मी शिवदासाक सांगलां.”

शिवदासाचं घराणं दोडामार्गाकडचं. खाणी चालू होत्या तेव्हा तो टिप्पर चालवायचा. खाणी बंद पडल्या, मग सरकारी शिबिरात माड चढायचं यंत्र शिकून आला. सोमवारी तो ते यंत्र खांद्यावर घेऊन भाटात आला. दोन लोखंडी चौकट्या, त्यांना पाय ठेवायच्या पट्ट्या. बुंध्याला अडकवायच्या आणि एकेक पाय उचलत जायचं. सगुण कुंपणाशी उभा राहून पाहत होता. शिवदासाची छाती बुंध्यापासून हातभर लांब राहत होती. दहा माड झाले तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही.

“सगुणमामा,” खाली उतरल्यावर शिवदास अवघडून म्हणाला, “मी मागूक गेल्लंय नाय हां. भाटकारान बोलयलां.”

“खूप नारळ मागे रवले,” सगुण म्हणाला. “कोवळे पाडतंस आणि जून रवतत.”

भाटकारानं त्याला अगदी टाकलं नाही. बसून वेड लागेल म्हणून नारळ गोळा करायचं काम दिलं. डोक्यावरची टोपली आणि ढीग, शेवंती करायची ते काम. शेवंती त्या दिवसांत डोंगरावर काजू वेचायला जाऊ लागली. सगुण बायकांच्या रांगेत वाकून नारळ उचलायचा. वरून शिवदास ‘बाजूक सरा’ म्हणून ओरडला की त्यालाही बायकांबरोबर पळावं लागायचं. पस्तीस वर्षं तो शब्द वरून त्यानं ओरडला होता.

सकाळी उठल्या उठल्या तो गाठ चाचपायचा. कधी वाटायचं आटली, कधी वाटायचं रात्रीत वाढली. गुरुवार काही केल्या जवळ येईना. शेवंती काजूच्या रसानं काळे पडलेले हात घेऊन यायची आणि तिचं पहिलं बघणं त्याच्या गंजीकडे असायचं.

भाटाच्या नदीकडच्या अंगाला आठ माड पाण्यावर वाकलेले आहेत. त्यांना शिवदासाचं यंत्र लागेना. चौकटी अर्ध्यावर जाऊन कलंडायची. दोनदा प्रयत्न करून त्यानं हात टेकले. त्या संध्याकाळी सगुण भाटकाराच्या घरी गेला. भाटकार बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, बाकावर बसला होता. पायरीवर बाबली आणि आणखी दोघे गप्पा मारत होते.

“भाटकारानू, वाकडे माड मी पाडतंय.”

“सगुण, तुका सांगलां मगे…”

“माका काळजाचां दुखणां नाय.”

“मगे? दोतोराकडे कित्या गेल्लंस?”

सगुणनं एकदा पायरीवरच्या तिघांकडे पाहिलं. बायकोनं हात जोडले होते ते त्याला आठवलं. पण नदीवरचे ते माड दुसरा कुणी चढेल तर आपण कोण उरणार, हेही त्याच्या मनात होतं.

“गाठ आसा,” तो म्हणाला. “हंय. छातीक.”

“छातीक म्हणजे?”

“बायलांका येता ती.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबली हसला. “आरे मगे शेवंतेक सांग, तुका एक चोळी शिवून घालूक!”

बाकीचे दोघेही हसले. भाटकारानं हसू दाबलं, पण ते त्याच्या मिशीत दिसलं. सगुणनं दोन्ही हातांनी गंजी धरली आणि डोक्यावरून काढली. तसाच उघडा, बाल्कांवच्या उजेडात उभा राहिला. आत ओढलं गेलेलं बोंड, त्याच्याभोवतीचं ताणलेलं कातडं, आणि त्यातून झिरपलेला तपकिरी ओघळ. हसणं थांबलं. खिडकीच्या आत भाटकाराची बायको सुलोचना दिवा लावायला आली होती, ती तशीच मागे फिरली.

“गंजी घाल रे,” भाटकार म्हणाला. “घाल म्हणतंय.”

“काळीज बरां आसा माजां. माड चढू?”

“तुजो रिपोर्ट येव दी. मागीर पळोवया.”

दुसऱ्या दिवशी बाबलीनं त्याला चहा दिला तो कडा फुटलेल्या पेल्यात. पिऊन झाल्यावर तो पेला विसळून वेगळा, खिडकीच्या फळीवर ठेवला. सगुणनं ते पाहिलं. त्यानंतर तो दुकानात गेला नाही.

“सांगून काय मेळलां तुमका?” शेवंती दोन दिवस हेच विचारत राहिली. “माड मेळले? उगी आबरू घालयलीत. आता मांद्र्याक कळूक कितको वेळ?”

सगुण उठून नदीकडे निघून जायचा.

बायोप्सीला चार दिवस राहिले असताना विमला आली. बसमधून उतरून उन्हातून चालत, हातात आंब्यांची पिशवी. साठी उलटलेली, पूर्वी अंगानं भरलेली बाई. या वेळी तिचा ब्लाउज खांद्यावर ढिला लोंबत होता. सगुण ओसरीवर उभ्या रोवलेल्या सुळावर नारळ सोलत होता. ती त्याच्यासमोर खांबाला टेकून बसली. शेवंतीनं चहा आणला आणि शेजारी कोकमं फोडायला बसली.

“तुजी गाठ हलता काय रे?” विमलानं विचारलं.

“तुका कोणी सांगलां?”

“कोणीय सांगांदी. बोटान सारली तर सरता? का हाडाक चिकाटल्या?”

“सरता. थोडी.”

“दुखता?”

“दुखता मगे.”

“काखेत मणी लागतत?”

“दोतोरान बघलान. नाय म्हणालो.”

“मगे बरां,” विमला म्हणाली. “काखेत मणी इले की मागीर हात वयर जाणा नाय. केस विंचरूक जमणा नाय.”

शेवंतीचा सुरीचा हात थांबला. “वन्सानू,” ती हळू म्हणाली, “तुमका कसां ठावक?”

विमलानं चहाची बशी खाली ठेवली. उजव्या हातानं पदर सारखा केला. डावा हात मांडीवर तसाच पडून होता, सूज येऊन जड झालेला. सगुणला तो आता दिसला.

“दोन वरसां झाली,” ती म्हणाली.

शेवंती उठली आणि तिला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. सगुण सुळासमोर अर्धा सोललेला नारळ धरून बसला. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. मग फडकं सोडलं असावं, कारण दाराच्या फटीतून वास आला. तो वास कसला ते त्याला विचारावं लागलं नाही. विशीत त्यानं वर्षभर तो घेतला होता.

शेवंती बाहेर आली आणि सरळ विहिरीवर गेली. बराच वेळ हात धूत राहिली.

“बाय,” सगुण दाराशी जाऊन म्हणाला, “पोराक तरी सांगूचां.”

“पोराक काय सांगू? खंयची जागा म्हणान सांगू?” विमला आतून बोलत होती. “सुनेक उष्णतेचे फोड म्हणान सांगलंय. कडूनिंबाचो पालो वाटून लायतंय. आवशीन काय केलां? ताच मी केलंय.”

“माका सांगूचां हुतां.”

“भावाक?” ती थोडी हसली असावी. “परवां डिचोलीच्या बाजारात दोघी बायलो हसत हुत्यो. नार्व्याच्या पाडेल्यान म्हणे भाटकाराच्या दारात गंजी काढून दाखयली. मी भाजी घेतलीच नाय. घरी येवन बसलंय. म्हटलां, माजो भाव बापयो आसून चार जणांत दाखयता, आणि मी घरातल्या घरात लिपवून मरतंय. पोराक सांगलां, भावाक बरां नाय, रवाक जातंय. म्हणान इलंय.”

सगुण दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. गंजी काढली ती माडांसाठी काढली होती, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

गुरुवारी पहिल्या बसनं तिघं निघाली. विमलाजवळ कसलाच कागद नव्हता. सगुणनं त्या कागदवाल्या माणसाला गाठलं, आणि ज्या दाराशी त्याला बोलायची लाज वाटली होती तिथेच सगळ्या बायकांदेखत म्हणाला, “माजां आसूंदी मागीर. माज्या भयणीक आधी बघा. तिचां फुटलां.”

बाकावरच्या बायकांनी विमलाला जागा करून दिली. डॉक्टरांनी तिला आधी आत घेतलं. पडदा ओढला आणि नर्सनं खिडकी उघडली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या छातीवर स्वच्छ पांढरी पट्टी होती आणि ती पदराआडून पुन्हा पुन्हा त्या पट्टीला हात लावून बघत होती.

मग सगुणचा नंबर. इंजेक्शननं जागा बधिर झाली. जाड सुई आत गेलेली कळली नाही, फक्त खटका ऐकू आला, कागदांना टाचणी मारावी तसा. असे चार खटके. त्याला वाटलं होतं फार दुखेल. न दुखल्यामुळेच तो जास्त घाबरला. बाटलीतल्या पाण्यात तरंगणारे केसाएवढे पांढरे तुकडे नर्सनं त्याला दाखवले. विमलाच्याही छातीचा तुकडा घेतला होता, आणि दोघांच्याही छाती-पाठीचे फोटो काढले.

“दहा दिवसांनी या,” डॉक्टर म्हणाले. “दोघंही.”

ते दहा दिवस विमला नार्व्यालाच राहिली. नर्सनं दाखवलं तशी शेवंती रोज तिची जखम धुवायची. पहिले दोन दिवस तिला जेवण गेलं नाही, मग सवय झाली. सुमनचा फोन आला. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. सासू काही बोलली का, हे तिनं सांगितलं नाही आणि शेवंतीलाही विचारायचं धाडस झालं नाही. “मी तपासून घेतंय, आई,” एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एका सकाळी शिवदास आला. यंत्र न घेता.

“मामा, वाकड्या माडांक कसां चढतत तां शिकयशात? नारळ नदीत पडून व्हावान जातत.”

सगुणनं त्याच्या रिकाम्या खांद्यांकडे पाहिलं. मग खुंटीवरचा काथ्याचा फास काढून त्याच्या हातात दिला आणि त्याच्याबरोबर नदीवर गेला. खालून ओरडून ओरडून त्यानं त्याला चढवलं. पाय बाहेर काढ, पोट आत घे, छाती टेक, भिऊ नकोस. शिवदास खाली आला तेव्हा त्याचा शर्ट फाटून छाती रक्तबंबाळ झाली होती. त्यानं एक माड पाडायला तास लावला.

“जातलां,” सगुण म्हणाला. “कातडां घट जाता मागीर.”

उरलेले सात त्यानं तसेच त्याच्याकडून करून घेतले. शेवटच्या दिवशी शिवदासानं फास परत द्यायला हात पुढे केला. सगुण म्हणाला, “रवांदी तुज्याकडे.”

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सगुणला एकट्याला आत बोलावलं. त्यांच्यासमोर दोन पाकिटं होती.

“तुमची गाठ कॅन्सरची आहे,” ते म्हणाले. “पण बाहेर पसरलेली दिसत नाही. त्या बाजूचं सगळं काढावं लागेल. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, नंतर औषधं, बराच काळ. माड आता विसरा.”

सगुणनं मान हलवली. त्याला वाटलं होतं, हे ऐकताना पायाखालची जमीन जाईल. तसं काही झालं नाही. तो दुसऱ्या पाकिटाकडे बघत होता.

“बहिणीच्या घरचं कोण आहे?”

“मीच.”

“तिच्या फुप्फुसात गेलंय. पाठीच्या मणक्यातही. कापून आता उपयोग नाही. जखम स्वच्छ ठेवायची, दुखणं कमी राहील अशा गोळ्या देतो.”

“मागीर?”

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवली आणि त्यांच्या कडा जुळवल्या. “पावसाळाभर जवळ ठेवा तिला,” ते म्हणाले. “आपल्या माणसांत.”

बाहेर विमला बाकावर बसून शेजारणीला पट्टी कशी बदलायची ते सांगत होती. दहा दिवसांच्या धुण्यानं आणि गोळ्यांनी तिचा चेहरा उजळला होता. सगुणला बघताच ती उठली.

“काय म्हणालो? तुजां काय म्हणालो?”

“कापूक व्हया म्हणता. फुडल्या म्हयन्यात.”

विमलानं तोंडावर हात धरला. शेवंती भिंतीला टेकली. मग विमलानं विचारलं, अगदी हळू, “आणि माका?”

भाटकाराच्या दारात, चार हसणाऱ्या माणसांपुढे सगुणला शब्द सापडले होते. इथे सापडेनात.

“तुका कापूचां नाय म्हणता.”

“खऱ्यानी?”

“व्हय. तुका नुसत्यो गोळयो.”

विमला मटकन बाकावर बसली. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डावा पुरता वर गेला नाही, तर मानच खाली आणली. “सप्तकोटेश्वरा,” ती पुटपुटली, “पावलंस रे बाबा. दोन वरसां नीज नाय माका. कापतले, कापतले म्हणान जीव नुसतो…” तिला पुढे बोलवेना. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तीही हसली. शेवंतीनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाठ वळवून भिंतीवरचा कसलासा कागद वाचू लागली. तिला वाचता येत नव्हतं.

मग विमलाला भावाचं भान आलं. आपण त्याच्यासमोर आनंद केला याची तिला लाज वाटली असावी. ती सरकली आणि त्याला हाताला धरून आपल्याशेजारी, बायकांच्या त्या बाकावर बसवलं.

“भिया नको रे,” ती म्हणाली. “माजां बघ, कितकां वाढल्लां, तरी देवान राखलां. तुजां तर इवलेशां. कापतले तेन्ना मी तुज्या वांगडा येतंय. म्हयनोभर रवान तुका पेज करून घालतंय. शेवंतीक एकटेक जमणा नाय. आयकतंस मगे?”

सगुणनं मान हलवली. त्याला तिच्याकडे बघता येईना. लहानपणी बापानं पहिल्यांदा माडावर चढवला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज खांदे हलू लागले आणि त्याला ते थांबवता येईना. समोरच्या बाकावरच्या बायकांनी नजरा दुसरीकडे वळवल्या.

“रड, रड,” विमला म्हणाली. “बापयो झालो म्हणान काय झालां? मी आसंय मगे.”

कापाकापीला भिऊनच तो रडतोय, असं तिला वाटलं. तिनं पदराच्या कोरड्या टोकानं त्याचे डोळे पुसले आणि एका हातानं, जमेल तशी, त्याची पाठ थोपटत राहिली.